डिस्क डॉगच्या कसरतींना काय म्हणायचं? ठाणे-नवी मुंबईच्या नवख्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर अशा ठिकाणांहून आमच्याकडे सरावाला येणारी मंडळी पहिल्या महिन्यात जवळपास हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम महत्त्वाचा नाही, पण तिसरा प्रश्न वाचल्याशिवाय कुत्र्याला अंगावर चढवू नका.

डिस्क डॉग म्हणजे फ्रिस्बी फेकायची आणि कुत्र्याने आणून द्यायची, एवढंच ना?

सुरुवात तिथूनच होते. स्पर्धांमध्ये मात्र त्याचे दोन मोठे प्रकार पडतात. पहिला अंतराचा आणि अचूकतेचा. त्यात एकच डिस्क आणि ठरलेला वेळ असतो, बहुधा ६० किंवा ९० सेकंदं. तुम्ही रेषेमागून फेकायचं, कुत्र्याने धावत जाऊन झेलायचं, परत आणायचं, पुन्हा फेकायचं. दुसरा प्रकार फ्रीस्टाइल. दीड-दोन मिनिटं संगीत चालू, हातात बऱ्याच डिस्क, आणि माणूस व कुत्रा मिळून एकामागून एक कसरती करतात. नावांचा गोंधळ होतो तो या दुसऱ्या प्रकारात.

खेळ अमेरिकेतला. ऑगस्ट १९७४ मध्ये अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा कॉलेजचा मुलगा लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना चालू असताना आपल्या अ‍ॅशली व्हिपेट या कुत्र्याला घेऊन थेट मैदानात घुसला. सामना थांबला, टीव्हीवरून लाखो लोकांनी तो कुत्रा उंच उडून डिस्क झेलताना पाहिला, आणि स्टाइनला पोलिसांनी धरून नेलं. पुढे १९७५ पासूनच्या पहिल्या तिन्ही जागतिक स्पर्धा याच अ‍ॅशलीने जिंकल्या. (वानखेडेवर असं काही करायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडून द्या.)

व्हिडिओ पाठवला की सगळं दिसतंच. मग नावं पाठ कशाला करायची?

व्हिडिओत काय झालं ते दिसतं, काय करायचं होतं ते दिसत नाही. कुत्रा तुमच्या मांडीला घासून गेला. तो टेकणार होता की चुकून लागला? डिस्क डावीकडे गेली. ती मुद्दाम वळवली होती की वाऱ्याने नेली? शिकवणाऱ्याला हे कळलं नाही, तर तो भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसतो. शिवाय मैदानात समोरचा कुत्रा धावत सुटलेला असताना व्हिडिओ दाखवत बसायला वेळ नसतो. तिथे एका शब्दात सांगावं लागतं, आणि तो शब्द दोघांनाही सारखाच कळायला हवा.

ओव्हर, व्हॉल्ट आणि रिबाउंड यांत फरक काय? तिन्हींत कुत्रा अंगावरूनच उडी मारतो ना?

इथेच घोळ आहे. आपण मराठीत ‘पाठीवरून उडी मारली’ म्हणतो, तेव्हा कुत्रा पाठीला न शिवता पलीकडे गेला असंही कळतं आणि पाठीवर पाय देऊन उडाला असंही. बोलताना चालून जातं. सरावात याच वाक्यामुळे वीस-बावीस किलोचं जनावर बेसावध माणसाच्या मणक्यावर येऊ शकतं. म्हणून पहिला नियम असा की कसरत सांगताना कुत्र्याचे पाय टेकले की नाही, हे सगळ्यात आधी सांगायचं.

ओव्हर म्हणजे न टेकता. तुम्ही पाय पसरून धरता, वाकता, गुडघ्यावर बसता किंवा आडवे होता आणि कुत्रा तुमच्या त्या अवयवावरून स्वच्छ पलीकडे जातो. डिस्क पलीकडे हवेत असते किंवा तुमच्या हातात. ओव्हर म्हटलं की अंग घट्ट करायची गरज नाही, पण अवयव हलवायचा मात्र नाही. उडी सुरू झाल्यावर पाय वर उचलणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, त्यांच्यापासून कुत्री जपा.

व्हॉल्ट म्हणजे टेकून. कुत्रा तुमच्या अंगावर पाय देतो, तिथून जोर घेतो आणि आणखी उंच जाऊन हवेतली डिस्क झेलतो. तुमचं अंग म्हणजे त्याचा पाट. पाट हलला की उडी फसते, म्हणून व्हॉल्टला उभं राहण्याची पद्धत शिकावी लागते. कुठून उडाला ते पुढे जोडायचं: पाठीचा व्हॉल्ट, मांडीचा व्हॉल्ट, छातीचा व्हॉल्ट, तळपायाचा व्हॉल्ट. शेवटच्यात तुम्ही उताणे झोपून पाय वर करता. मांडीच्या व्हॉल्टला जाड जीन्स हवी. शॉर्ट्सवर एकदा केलात की आम्हाला सांगावं लागणार नाही.

रिबाउंडमध्येही कुत्रा टेकतो, पण पुढे जात नाही. तो तुमच्या अंगावर येतो, पायांनी ढकलतो आणि ज्या बाजूने आला त्याच बाजूला परत फिरतो. व्हॉल्ट आणि रिबाउंड यांतला फरक उंचीत नसून दिशेत आहे. पोहणारा तलावाच्या भिंतीला पाय लावून उलट फिरतो ना, तसं.

सवय अशी ठेवा की ‘वरून’ हा शब्द एकटा वापरायचा नाही. ‘पाठीवरून न टेकता’ किंवा ‘पाठीवर टेकून’ असं पूर्ण बोलायचं, नाहीतर सरळ ओव्हर किंवा व्हॉल्ट म्हणायचं. आमच्याकडे नुसतं ‘पाठीवरून’ म्हणणाऱ्याला लगेच उलटा प्रश्न येतो: टेकून की न टेकता?

स्टॉल आणि डॉग कॅच?

स्टॉल म्हणजे थांबणं. कुत्रा तुमच्या पाठीवर, छातीवर किंवा उचललेल्या तळपायांवर चढतो आणि तोल सांभाळून क्षणभर स्थिर राहतो. तो थांबला नाही तर स्टॉल नाही. चढून लगेच उडाला तर तो व्हॉल्टच.

डॉग कॅचमध्ये झेल दोन होतात. कुत्रा हवेत डिस्क झेलतो आणि तुम्ही कुत्र्याला झेलता. दिसायला भारी आणि टाळ्या हमखास. पण आधी जमिनीजवळ, मऊ गवतावर, तुमच्या हातात विसावण्याची सवय त्याला महिनोन्महिने लावावी लागते. स्वतःच्या पाठीचं दुखणं असेल तर या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

फ्लिप शिकवाल का?

नाही. कुत्रा हवेत कोलांटी घेतो त्याला फ्लिप म्हणतात, शब्द माहीत असू द्या. बऱ्याच फ्लिपमध्ये कुत्रा अंग पिळून मागच्या दोन पायांवर उभा आदळतो आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर व मागच्या गुडघ्यांवर येतो. कुत्र्यांमध्ये मागच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याची दुखापत एरवीही नेहमीची आहे, आणि त्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनेच्या महिने पट्ट्यावर काढावे लागतात. प्रेक्षकांसाठी एवढी किंमत आम्हाला मान्य नाही.

फेकींची नावं कुठली शिकायची? यादी तर संपतच नाही.

चार आल्या तरी वर्षभर पुरतात.

बॅकहँड म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन बाहेर सोडायचा. सगळ्यांना आधी येते ती हीच. उजव्या हाताची बॅकहँड वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे झुकते. फोरहँड म्हणजे हात बाजूला ठेवून मनगटाच्या झटक्याने. बरेच जण तिला साइडआर्म म्हणतात, दोन्ही चालतं. उजव्या हाताची फोरहँड उलटी फिरते आणि शेवटी उजवीकडे जाते. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशातलं धरावं.

हे फिरणं सांगितल्याशिवाय फेकीचं वर्णन पूर्ण होत नाही, कारण डिस्क शेवटी कुठे घसरणार हे त्यावर ठरतं आणि कुत्रा झेलायला जातो तो नेमका त्या शेवटच्या टप्प्यात. कुत्रा दर वेळी डिस्कच्या एकाच बाजूला चुकत असेल, तर दोष बहुधा त्याच्या उडीत नसून तुमच्या फिरकीत असतो. दुसऱ्या हाताने किंवा फोरहँडने फेकून पाहा आणि तो आता कुठल्या बाजूला चुकतो ते बघा.

रोलर म्हणजे डिस्क कडेवर उभी करून जमिनीवरून घरंगळत सोडायची. पिल्लांसाठी यासारखं काही नाही, कारण उडी मारावीच लागत नाही. फ्लोटर म्हणजे जवळच, हळू, भरपूर फिरकी देऊन उंच ठेवलेली डिस्क. ती हवेत रेंगाळते. व्हॉल्टला हीच लागते. व्हॉल्टला वेगाची बॅकहँड मारणारा माणूस आपल्या कुत्र्याला हवेत डिस्कच्या मागे धावायला सांगत असतो.

बाकी हॅमर, स्किप, एअरबाउन्स, बटरफ्लाय ही नावं कानावर पडतीलच. हॅमर डोक्यावरून उभी फेकतात आणि ती उलटी होऊन उतरते. स्किप जमिनीला आपटून पुन्हा उसळते, एअरबाउन्स आधी खाली जाऊन हवेतच वर उचलली जाते. बटरफ्लाय म्हणजे सपाट न फिरता गटांगळ्या खात जाणारी डिस्क, बहुतेकदा अगदी जवळून दिलेली.

डावं-उजवं कोणाचं धरायचं? माणसाचं, कुत्र्याचं की बघणाऱ्याचं?

फेकणाऱ्याचं, नेहमी. कुत्रा सतत फिरतो, बघणारा कुठेही उभा असतो. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसू शकतं, म्हणून सरावाचा व्हिडिओ मागच्या कॅमेऱ्याने काढा.

कुत्रा तुमच्याभोवती गोल फिरतो, तिथे डावं-उजवं सोडूनच द्या. तुम्हाला उजव्या हाताला ठेवून फिरला तर प्रदक्षिणा, डाव्या हाताला ठेवून फिरला तर उलटी प्रदक्षिणा. इंग्रजीत त्याला अराउंड किंवा गो-अराउंड म्हणतात, पण दिशा वेगळी सांगावी लागते. देवळात कुठून फिरायचं हे इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे आमचा शब्द जास्त कामाचा. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना ही एकच कसरत पहिल्या दिवशी कळली.

टेक, पास, मल्टिपल, झिगझॅग...?

टेक: डिस्क तुमच्या हातातच, कुत्रा उडी मारून घेतो. पास: कुत्रा तुमच्या जवळून पळत जाताना झेलतो. मल्टिपल: एक झेलली, सोडली, लगेच दुसरी, तिसरी. झिगझॅगला आम्ही नागमोडी म्हणतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. सेट म्हणजे कसरतीच्या आधी कुत्र्याला योग्य जागी, योग्य अंतरावर आणणं. बिघडलेल्या व्हॉल्टचं कारण पुष्कळदा व्हॉल्टमध्ये सापडत नाही, सेटमध्ये सापडतं.

पूर्ण कसरत लिहायची असेल तर कशी लिहू?

पाच गोष्टी, घडतात त्या क्रमाने. कुत्रा कुठून आला, माणसाच्या अंगाशी काय झालं, कोणती फेक, झेल कुठे, उतरला कसा.

‘उलटी प्रदक्षिणा करून आला, डाव्या मांडीचा व्हॉल्ट, उजव्या हाताची फ्लोटर, झेल माझ्या खांद्याच्या उंचीवर पुढे, चारही पायांवर उतरला.’

‘समोरून आला, उजव्या पायाचा ओव्हर, टेक डाव्या हातातून, पुढच्या पायांवर उतरून पळत पुढे गेला.’

‘मागून आला, पाठीचा व्हॉल्ट, बॅकहँड, झेल हुकला, मागच्या पायांवर.’

तिसरं वाक्य वाचल्यावर अनुभवी माणूस झेल का हुकला हे विचारण्याआधी मागच्या पायांवर का उतरला हे विचारेल. डिस्क कुत्र्याच्या डोक्याच्या सरळ वर टाकली की तो उभा होऊन वर जातो आणि उभाच खाली येतो. तीच डिस्क थोडी पुढे टाकली की अंग आडवं पसरतं आणि उतरणं सुधारतं. म्हणून पाचवा भाग कधी गाळायचा नाही. नवखी मंडळी नेमका तोच गाळतात, कारण झेल झाला की सगळ्यांचं लक्ष टाळ्यांकडे जातं.

हे सगळं मराठीत का नाही? मल्लखांब, खो-खोला आपले शब्द आहेतच की.

आहेत, आणि सुंदर आहेत. अढी, फिरकी, सूर मारणे, साखळी हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी घडले, कोणी कोश उघडून बनवले नाहीत. डिस्क डॉगचे शब्दही तसेच घडू द्यावेत असं आमचं मत. व्हॉल्ट, ओव्हर, स्टॉल, रिबाउंड हे स्पर्धांमध्ये आणि परदेशी शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओत कायम येतात, ते बदलून आपलीच अडचण होईल. अवयव, दिशा, टेकणं, उतरणं हे मात्र मराठीतच बोला. ‘मांडी’ म्हटल्यावर कोणी चुकत नाही. ‘थाय’ म्हटल्यावर दोघे गुडघा पुढे करतात.

कुत्र्याला हीच नावं शिकवायची का?

नाही, आणि हा फरक पहिल्या दिवसापासून पाळा. ‘डाव्या मांडीचा व्हॉल्ट’ हे माणसांसाठी. कुत्र्याला एका श्वासात बोलता येईल असा, बाकीच्यांपासून वेगळा ऐकू येणारा आवाज हवा. ‘सोड’ आणि ‘दौड’ एकत्र ठेवू नका. मैदानाच्या त्या टोकाला, वाऱ्यात, कुत्र्याला दोन्हींचा शेवट सारखाच ऐकू जातो. ‘उडी’ आणि ‘उठ’ही एकत्र नको, त्यांची सुरुवात सारखी. आमच्याकडे ‘सोड’, ‘फिर’, ‘हप्’ आणि ‘थांब’ अशी चौकडी बरी चालते. घरात सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. बाबा ‘सोड’, ताई ‘ड्रॉप’ आणि आजोबा ‘दे बघू’ म्हणणार असतील, तर कुत्रा तिघांपैकी सगळ्यात मवाळ माणसाकडे जाऊन बसतो.

शब्द आणि हावभाव वेगळे पडले तर कुत्रा हावभावावर विश्वास ठेवतो. त्यामुळे ‘ओव्हर’साठी वेगळा शब्द, पण उभं राहणं व्हॉल्टसारखंच, असं केलंत तर तो अंगावर येणारच.

झेल कधी धरायचा?

डिस्क जमिनीला लागायच्या आत तोंडात पकडली की झेल. अनेक स्पर्धांत अंतराच्या प्रकारात लांबीच्या पट्ट्यांनुसार गुण देतात आणि झेलताना चारही पाय हवेत असतील तर अर्धा गुण जास्त. त्यामुळे ‘हवेतला झेल’ म्हणताना चारही पायांची खात्री करून म्हणा. मागचा एक पंजा गवताला टेकलेला असतो आणि मालकाला तो कधीच दिसत नाही.

कोणती डिस्क घेऊ? घरात मुलांची आहे.

मुलांची कडक असेल तर नको. माणसांच्या अल्टिमेट या सांघिक फ्रिस्बी खेळातली १७५ ग्रॅमची तर मुळीच नको, दात आणि हिरड्या दुखावतात. कुत्र्यांसाठी बनवलेल्या बहुतेक डिस्क त्याहून बऱ्याच हलक्या आणि मऊ कडेच्या असतात. नावातला आकडा काही वेळा व्यास असतो, जसं हीरो या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या ‘सुपरसॉनिक २१५’चा २१५ आणि ‘एक्स्ट्रा २३५’चा २३५ मिलिमीटर. एकाच जातीच्या दोन-तीन घ्या. दातांनी कड खडबडीत झाली की काचकागद फिरवा. प्लास्टिकचे कोंब जिभेला कापतात.

आमचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा आहे. त्याला जमेल?

छान जमेल. अंगाने हलका, चपळ, आणि ऊनही इतर बऱ्याच जातींपेक्षा बरं सोसतो. अडचण असते ती डिस्क परत आणण्याच्या इच्छेची. तिथे दोन सारख्या डिस्क ठेवून अदलाबदलीचा खेळ करा. लॅब्रेडोरही चांगले, फक्त वजन आटोक्यात हवं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना रोलर आणि जमिनीजवळचे टेक एवढंच, तेही थंडीतल्या सकाळी.

पिल्लू सहा महिन्यांचं आहे. व्हॉल्ट कधी सुरू करू?

आत्ता नाही. हाडांच्या टोकांची वाढ पुरी होईपर्यंत उंच उड्या आणि अंगावरून झेपा बंद. मध्यम जातींत त्याला साधारण सव्वा ते दीड वर्ष लागतं, मोठ्यांत जास्त. नक्की वेळ पशुवैद्यांकडून तपासून घ्या. तोवर रोलर, प्रदक्षिणा, सोडणं, तुमच्या हालचालीबरोबर धावणं. यातलं काहीच वाया जात नाही.

सराव कुठे आणि किती वाजता?

सपाट, गवताळ, काचा नसलेलं आणि कुत्र्यांना परवानगी असलेलं मैदान. बागेच्या फाटकावरचा फलक आधी वाचा आणि सोसायटीच्या मैदानाचं कमिटीशी आधी बोलून घ्या. येऊरला नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे बिबटे आहेत, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. पामबीच रोडच्या मागच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो उतरतात, तिथेही कुत्रं मोकळं सोडू नका.

वेळ सूर्य वर यायच्या आत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते फार कमी उपयोगी पडतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाचे हिशेब ठाण्याच्या मे महिन्याला लावू नका. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लडखडले की सराव बंद, सावली, अंगावर साधं पाणी आणि थेट डॉक्टर. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो. समोरून वारा असला की डिस्क वर उचलली जाते, मागून असला की लवकर खाली बसते. वर्णन लिहिताना वारा कुठून होता तेही लिहा.

पावसाळ्यात ओल्या गवतावर व्हॉल्ट नाही. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, लस वेळेवर द्या आणि डबक्यांपासून दूर ठेवा. जून ते सप्टेंबर आम्ही बहुधा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये रबरी चटईवर सेट, प्रदक्षिणा आणि ‘सोड’ पक्के करतो.

मी एक नवीन कसरत केली आहे. तिला आमच्या ब्रुनोचं नाव देऊ का?

लाडाने जरूर द्या. पण शेजारच्या मैदानातल्या माणसाला ‘ब्रुनो स्पेशल’ सांगून काही कळणार नाही. तिचे पाच भाग लिहून पाहा. नऊ वेळा तरी ती ओव्हर, टेक आणि प्रदक्षिणा यांची जोडणीच निघते. दहाव्या वेळी खरंच नवीन निघाली, तर वर्णन आधी लिहा आणि नाव नंतर ठेवा.

पहिल्या दिवशी काय आणू?

पट्टा, भरपूर पाणी आणि वाटी, दोन सारख्या डिस्क, शी उचलायच्या पिशव्या, लसीकरणाचं पुस्तक. जेवण सरावाआधी किमान दोन तास. आणि लांब पॅन्ट घाला.